गच्चीवरची द्राक्षवेल आणि तिचे रोग : केमिकल बुरशीनाशक न मारता काय काय करता येतं

मुंबईत गच्चीवर, बंगल्याच्या मागच्या अंगणात, वसई-विरारकडे विहिरीच्या कडेला द्राक्षाची वेल लावणारे लोक आता बरेच भेटतात आणि सगळ्यांची तक्रार साधारण एकच असते, वेल मस्त वाढते, मांडवावर चढते, आणि जुलै आला की पानांना डाग, भोकं, पानगळ, त्यातून वाचलीच तर डिसेंबर-जानेवारीत घडांवर पांढरी राख बसल्यासारखं. मग नर्सरीतून कुठलीतरी पुडी येते, दोन चमचे एक लिटरला, मारून टाका म्हणतात, आणि चार घड असतात घरचे, जे पोरं वेलीवरूनच तोडून तोंडात टाकणार, त्यावर ते मारायला हात धजत नाही. मी मुलुंडला सोसायटीच्या गच्चीवर वेल वाढवते आणि माझं आजोळ निफाड तालुक्यातलं, त्यामुळे बागायतदार लोक काय करतात ते लहानपणापासून बघितलंय आणि त्यातलं गच्चीवर काय चालतं काय नाही हेही आता कळलंय, ते सगळं इथे लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. नैसर्गिक उपाय द्राक्षावर चालतात, मनापासून सांगते चालतात, पण ते रोग यायच्या आधी मारायचे असतात, आणि प्रत्येक उपाय ठराविक रोगावरच चालतो. दूध भुरी या पांढऱ्या पावडरीच्या रोगावर चालतं पण डाऊनी या दुसऱ्या रोगावर शून्य. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, डाऊनीवर चालतं पण भुरीवर फारसं नाही. बहुतेक लोक इथेच गंडतात, पानावर काहीतरी पांढरं दिसलं की ताक मारतात, आणि ती डाऊनी असते, आठ दिवसांत वेल उघडी पडते आणि मग म्हणतात की घरगुती उपाय सगळे फालतू असतात.

आधी रोग कोणता ते बघा

भुरी म्हणजे पानावर, कोवळ्या काडीवर, मण्यांवर राखेसारखी पांढरट पावडर, बोटाने पुसली तर पुसली जाते. ही पानाच्या वरच्या बाजूला सुद्धा सरळ दिसते. मण्यांवर आली की साल ताठ होते, मणी वाढताना तडकतात, नंतर त्यावर तपकिरी जाळी दिसते. गंमत म्हणजे हिला उगवायला पाणी लागत नाही, पाऊस नसला तरी चालतं, उलट धो धो पावसात ती धुऊन जाते. तिला आवडतं ते कोरडं पान, थोडी दमट हवा, २० ते २७ डिग्री तापमान आणि सावली. म्हणजे मुंबईचा डिसेंबर-जानेवारी, दोन बिल्डिंगच्या मधली जागा, मांडव दाट, ऊन आत जात नाही, अगदी तिच्या मनासारखं.

डाऊनी, जिला मराठी पुस्तकात केवडा म्हणतात, ती बरोब्बर उलटी. तिला ओलं पानच लागतं. पानाच्या वरच्या बाजूला आधी तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळसर डाग येतो, उन्हाकडे धरलं तर आरपार दिसतो, आणि त्याच डागाच्या बरोबर खाली, पानाच्या मागच्या बाजूला पांढरा कापसासारखा थर. पुसून बघा, भुरीसारखा सहज निघत नाही. ही शास्त्रीय दृष्ट्या खरी बुरशी नाहीच, शैवालांच्या जवळची जमात आहे, तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात पोहत पोहत पानाच्या मागच्या छिद्रांतून आत शिरतात. म्हणूनच खऱ्या बुरशीवर चालणाऱ्या बऱ्याच गोष्टी हिच्यावर चालत नाहीत. फुलोऱ्यात आली तर अख्खा घोस तपकिरी होऊन गळतो, काही राहत नाही.

डाग तेलकट आहे पण मागे पांढरं दिसत नाही, अशा वेळी एक सोपी टेस्ट आहे. ते पान तोडून ओल्या टिश्यूबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी बंद करून रात्रभर कपाटात अंधारात ठेवा. सकाळी मागच्या बाजूला पांढरी लव आली असेल तर डाऊनीच. हिला बीजाणू तयार करायला अंधार आणि भरपूर दमटपणा लागतो, तो आपण दिला की ती स्वतःच ओळख देते. 

करपा पावसाळ्यातला. पानावर छोटे तपकिरी ठिपके, मग मधला भाग गळून पडतो आणि पान चाळणीसारखं होतं, कोवळ्या काडीवर खोलगट काळपट जखमा, आणि मण्यावर आला तर पक्ष्याच्या डोळ्यासारखा गोल डाग. तांबेरा म्हणजे पानामागे नारिंगी पावडर, तो जुन्या पानांवर येतो, पानं लवकर गळतात, घरच्या वेलीला त्याने मरण येत नाही, पानं काढून टाका आणि पुढे चला.

औषधाच्या आधी छाटणी

आता हे वाचून कोणी म्हणेल की फवारणी कधी सांगणार, पण मुंबईत वेल वाचवायची असेल तर निम्मं काम कात्रीचं आहे आणि ते सोडून नुसतं फवारत बसलात तर आयुष्यभर फवारत बसाल.

आपल्याकडे द्राक्षाच्या दोन छाटण्या होतात हे बऱ्याच गच्चीवाल्यांना माहीतच नसतं. एक खरड छाटणी, साधारण एप्रिलची, त्यात सगळ्या काड्या एक-दोन डोळ्यांवर (डोळा म्हणजे काडीवरचा कोंब) आणायच्या, त्यातून नवीन काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढचा घड ठरतो. दुसरी फळछाटणी, ऑक्टोबरची, तिच्यानंतर घड बाहेर येतात. परदेशातले व्हिडिओ बघून लोक एकच छाटणी करतात आणि तीही जानेवारीत, ती थंड देशातली पद्धत आहे, तिकडे वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे झोपतच नाही.

मुंबईसाठी मी खरड छाटणी मार्च संपता संपता किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकते, नाशिकवाल्यांपेक्षा उशीर अजिबात करत नाही, कारण हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून आहे आणि तोपर्यंत काडी हिरवी कोवळी न राहता तपकिरी पक्की झालेली पाहिजे. करपा आणि डाऊनी दोघांनाही कोवळं पान, कोवळी काडी लागते, जून झालेलं, पक्कं पान ते सहज घेत नाहीत. मग पावसाळाभर एकच काम, नवीन शेंडा आला की खुडायचा, बगलफूट आली की काढायची. शेणखत, जीवामृत, किचन वेस्टचं कंपोस्ट, जे काही नत्र देणारं आहे ते जून ते सप्टेंबर बंद, नाहीतर वेल लुसलुशीत पानं काढत राहते आणि रोगाला जेवण मिळत राहतं.

फळछाटणी पाऊस खरंच परत गेल्यावर. सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे परतीची, पण हल्ली ऑक्टोबरात दुपारी गडगडाट होऊन एक जोरदार सर येतेच, म्हणून मी दसरा-दिवाळीच्या कॅलेंडरकडे न बघता सलग आठवडाभर कोरडं गेलं की छाटते, महिन्याच्या उत्तरार्धात. छाटणीनंतर पहिली तीन-चार पानं निघाल्यापासून फुलोरा संपून मणी ज्वारीएवढे होईपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक असतो, तो काळ कोरडा मिळाला की अर्धी लढाई जिंकलीच. याच काळात अवकाळी आला की नाशिकचा बागायतदार रात्रीसुद्धा फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत असतो. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागेत हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते फार विषारी आहे, घरी त्याच्या वाटेला जाऊ नका, चार डोळे कमी फुटले तर फुटू द्या.

मांडव विरळ ठेवा. काड्या चार-चार बोटं अंतरावर बांधा, घडाच्या आसपासची, खास करून पूर्वेकडची दोन-तीन पानं मणी धरल्यावर काढून टाका म्हणजे सकाळचं ऊन घडावर पडतं आणि दव लवकर सुकतं. नॅशनल पार्कच्या बाजूला जे राहतात, बोरिवली, मुलुंड, ठाण्याचा तो पट्टा, तिथे डिसेंबरात पहाटे चांगलं दव पडतं, त्यांनी हे नक्की करा. पाणी फक्त मुळाशी आणि सकाळी. संध्याकाळी पाइपने अख्खी वेल आंघोळ घालायची सवय बऱ्याच जणांना असते, बिल्डिंगच्या कामाची धूळ बसते म्हणून, पण धूळ धुवायची तर सकाळी दहाच्या आत धुवा म्हणजे उन्हात पान सुकेल. ओलं पान रात्रीत गेलं की डाऊनीला आपणच बोलावलं.

आणि पडलेली पानं. डाऊनीचे जाड सालीचे बीजाणू गळलेल्या पानांत टिकून राहतात आणि पुढच्या पावसात शिंतोड्यांबरोबर परत वर जातात. म्हणून रोगट पान, करपलेली काडी, सुकलेला घोस कुंडीतच कुजू द्यायचा नाही, गच्चीवरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये पण नाही, सरळ ओल्या कचऱ्यात देऊन टाका. 

जमत असेल तर सगळ्यात भारी उपाय आहे वरून पारदर्शक प्लास्टिक. बाजू उघड्या, फक्त डोक्यावर छप्पर, पाऊस पानावर पडत नाही, शिंतोडे उडत नाहीत. जपान, चीनसारख्या पावसाळी देशांत द्राक्षं अशीच काढतात, आणि आपल्याकडेही बागायतदार आता प्लास्टिक कव्हर टाकायला लागलेत. डाऊनी आणि करपा दोन्ही खूप कमी होतात. पण लक्षात ठेवा, छपराखाली भुरी वाढते, कारण पाऊस तिला धुत नाही आणि ऊनही थोडं कमी होतं. गच्चीवर प्लास्टिक लावताना वाऱ्याचा विचार करा, जूनचा पहिला वारा साधा दोरा ठेवत नाही, आणि सोसायटीत आधी विचारून घ्या.

भुरीवर : दूध, निवळी, खायचा सोडा, गंधक

दूध ऐकून लोक हसतात पण याच्यामागे अभ्यास आहे. १९९९ मध्ये ब्राझीलमधून झुकिनीच्या भुरीवर दुधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला, नंतर ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या लोकांनी द्राक्षावर दूध आणि निवळी (दही-दुधातून सुटणारं पाणी) दोन्ही वापरून पाहिली. दुधातली प्रथिनं उन्हात बुरशीला घातक असे कण तयार करतात असं त्यातून पुढे आलं, म्हणून दूध हे सकाळी, स्वच्छ ऊन असलेल्या दिवशीच मारायचं, ढगाळ दिवशी मारून वाया घालवू नका.

प्रमाण १ भाग दूध, ९ भाग पाणी. म्हणजे एक लिटरच्या स्प्रेला १०० मिली दूध. पिशवीतलं टोन्ड किंवा साय काढलेलं घ्या, फॅट जास्त असलं की वास येतो आणि नोझल चोंदतं. पान वरून खालून दोन्ही बाजूने ओलं झालं पाहिजे, थेंब टपकायला लागेपर्यंत, कारण दूध पानात शिरत नाही, जिथे पडलं तिथेच काम करतं. फळछाटणीनंतर पाच-सहा पानं झाली की सुरू करायचं, दर आठ-दहा दिवसांनी, भुरी दिसो वा न दिसो. मण्यांना एकदा पाणी भरायला लागलं की दूध बंद, नाहीतर मण्यांवर पांढरे डाग राहतात आणि कधीकधी काळी काजळी बुरशी बसते.

आंबट ताकही बागायतदार वापरतात भुरीसाठी, तीन-चार दिवसांचं, मीठ नसलेलं, दोनदा कपड्याने गाळून एकास दहा. श्रीखंडासाठी दही टांगलं की खाली जी निवळी उरते ती तर फेकूच नका, तिच्यात तेवढंच पाणी मिसळून मारा, पहिल्यांदा दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा, पान ठीक असेल तर सगळीकडे. पाडव्याच्या श्रीखंडाच्या वेळी वेलीवर घड नसतात हे दुर्दैव, पण दही तर घरात बारा महिने असतं.

भुरी दिसायला लागलीच असेल, तर दुधापेक्षा पोटॅशियम बायकार्बोनेट जास्त कामाचं. ५ ग्रॅम एक लिटरला, त्यात साध्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. हे आलेल्या भुरीचे धागे कोमेजवतं, तासाभरात नाही पण एक-दोन दिवसांत पांढरेपणा मरगळलेला दिसतो. त्याचा असर टिकत नाही, म्हणून आठवड्याने परत. घरातला खायचा सोडा पण हेच काम करतो, ४-५ ग्रॅम लिटरला, पण त्यात सोडियम आहे आणि ते कुंडीच्या मातीत साठत जातं, द्राक्षाला मिठाचा त्रास लवकर होतो, पानाच्या कडा जळतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांकडे खाऱ्या वाऱ्याने आधीच मीठ येतं. तेव्हा सोडा एक-दोन वेळा अडीअडचणीला ठीक, रोजचं औषध म्हणून नको.

गंधक हे सगळ्यात जुनं. १८४५ मध्ये इंग्लंडच्या मार्गेट गावात द्राक्षाची भुरी युरोपात पहिल्यांदा नोंदली गेली आणि तेव्हापासून गंधक वापरात आहे. खनिज आहे, सेंद्रिय शेतीच्या नियमांत चालतं, आणि इतकी वर्षं मारूनही भुरी त्याला सरावलेली नाही ही त्याची मोठी गोष्ट. ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक मिळतं, २ ग्रॅम लिटरला. दोन गोष्टी मात्र पाळायच्याच. तापमान ३२-३३ च्या वर असेल त्या दिवशी मारायचं नाही, पान भाजतं, म्हणून ऑक्टोबर हीटमध्ये गंधक नको, डिसेंबरपासून पुढे चालेल. आणि कडुनिंबाचं तेल किंवा कुठलंही तेल मारल्यावर निदान दोन आठवडे गंधक नाही, गंधकानंतर दोन आठवडे तेल नाही. ही दोन्ही एकत्र आली की पानाची वाट लागते. डोळ्यांना झोंबतं, चष्मा आणि मास्क लावा.

कडुनिंब तेल ३ ते ५ मिली लिटरला साबणाबरोबर, भुरीवर थोडं आणि पिठ्या ढेकणावर (मिलीबगवर) बऱ्यापैकी. संध्याकाळी मारा, भर उन्हात नाही.

डाऊनी आणि करप्यावर : बोर्डो मिश्रण

इथे मला स्पष्ट बोलायचंय. डाऊनीवर खात्रीने चालणारं, केमिकल कंपनीच्या डबीत न येणारं औषध एकच आहे आणि ते म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार) आणि चुना. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचा निळा सडा मारायचे, आणि मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की बाकी बाग डाऊनीने झडली असताना त्याच वेली हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी कृती छापली आणि आज नाशिकपासून सांगलीपर्यंत तेच चालू आहे.

ते करायचं कसं ते नीट सांगते कारण यातच लोक घाई करतात. कोवळ्या पानांवर मारायचं असेल तर अर्धा टक्का, म्हणजे एक लिटरला ५ ग्रॅम मोरचूद आणि ५ ग्रॅम कळीचा चुना. छाटणीनंतर नुसत्या उघड्या काड्यांवर मारायचं असेल तर एक टक्का, म्हणजे दोन्ही १० ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरू नका, वेगळा स्वस्तातला घ्या. मोरचूद केमिकलवाल्यांकडे किंवा ऑनलाइन मिळतं, चुना ताजा ढेकळाचा घ्या, डब्यात वर्षभर पडून भुकटी झालेला चुना हवेने मेलेला असतो, तो काही कामाचा नाही. 

मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात प्लास्टिकच्या मगात रात्रभर भिजत घाला. लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. चुना दुसऱ्या मगात थोड्या पाण्यात फोडा, फसफसतो आणि गरम होतो, तोंड लांब ठेवा, थंड झाला की पाणी घालून अर्धा लिटर करा आणि कपड्याने गाळा. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओता, काडीने ढवळत ढवळत. उलटं करू नका. आकाशी रंगाचं दाटसर पाणी तयार होतं. आता घासलेला लोखंडी खिळा किंवा जुना विळा त्यात मिनिटभर बुडवा, त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं जाळेल, थोडी चुन्याची निवळी अजून घाला आणि परत बघा. खिळा स्वच्छ निघाला की मिश्रण तयार. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसतो आणि पानाला चिकटत नाही.

मारायचं कधी. मे अखेरीस पावसाच्या आधी एक, पावसाळ्यात चांगली उघडीप मिळेल तेव्हा, म्हणजे पान कोरडं आहे आणि पुढचे चार-पाच तास पाऊस येणार नाही असं वाटतंय तेव्हा अधूनमधून, आणि फळछाटणी झाल्यावर उघड्या काड्यांवर एक टक्क्याचा एक हात. करपा काडीवरच्या जखमांत दडून बसतो, म्हणून ही छाटणीनंतरची फवारणी करप्यासाठी फार महत्त्वाची. डाऊनी पानाच्या मागून शिरते म्हणून नोझल खालून वर धरा, वरून सडा मारून काही होत नाही. फुलोऱ्यात मारू नका. मोठ्या कापाला बोर्डो पेस्ट लावा, १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना, १०० मिली पाणी, ब्रशने.

आणि एक जबाबदारी. नैसर्गिक म्हटलं म्हणजे कितीही मारा असं नाही. तांबं मातीत पडतं आणि तिथेच राहतं, कुजत नाही, जिरत नाही, जास्त झालं की गांडुळं आणि मुळाजवळचे चांगले जीव मरतात. युरोपात म्हणून ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातलेली आहे. आपल्या वेलीच्या ड्रममध्ये तर माती इतकुशी. त्यामुळे फवारताना ड्रमच्या मातीवर जुनं प्लास्टिक किंवा गोणपाट टाका, उरलेलं पाणी शेजारच्या तुळशीत, माशांच्या टाकीजवळ, नाहीतर गच्चीच्या पन्हाळीत ओतू नका, जेवढं लागतं तेवढंच बनवा. मोरचूद पोटात गेलं तर विष आहे, डबीवर नाव लिहून पोरांच्या हाताबाहेर ठेवा. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर आधी सांगा, निळे डाग जात नाहीत आणि भांडण होतं.

जिवंत औषधं

ट्रायकोडर्मा ही दुसऱ्या बुरशीला खाणारी बुरशी, मुंबईची दमट हवा तिला मानवते. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानेही द्राक्षाच्या रोगांवर जैविक नियंत्रणाचं बरंच काम केलेलं आहे. खरड छाटणीनंतर मूठभर कंपोस्टमध्ये चमचाभर मिसळून मुळाशी द्या आणि ५ ग्रॅम लिटरला गाळून काड्यांवर, पानांवर फवारा, करप्याला आणि भुरीला आळा बसतो. बॅसिलस सबटिलिस हे जिवाणूचं औषध भुरीसाठी चांगलं. अ‍ॅम्पेलोमायसिस तर भुरीच्याच अंगावर जगणारी बुरशी आहे, पण ती भुरी थोडी आलेली असतानाच काम करते कारण तिला खायला तीच लागते.

हे सगळे जीव आहेत, त्यामुळे उत्पादनाची तारीख बघून घ्या, तळपत्या दुकानात सहा महिने पडलेलं पाकीट घेऊ नका, घरी थंड जागी ठेवा. ऊन त्यांना मारतं म्हणून साडेचार-पाचच्या सुमाराला फवारा, अंधार पडेपर्यंत पान सुकेल इतपत वेळ ठेवून. आणि बोर्डो किंवा गंधक मारल्यावर लगेच हे मारलं तर पैसे पाण्यात, दहा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

कायटोसॅन म्हणून एक गोष्ट मिळते, कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेली, ती वेलीची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते, डाऊनीत थोडी मदत होते, बोर्डोच्या फवारण्या कमी करायला उपयोगी. युरोपियन युनियनने २०१४ मध्ये कायटोसॅन हायड्रोक्लोराइडला मान्यता दिलेली आहे. पाकिटावरच्या प्रमाणातच वापरा. कोळंबीची सालं कुंडीत टाकून मात्र हे होत नाही, ती कुजतात, वास येतो आणि उंदीर-मांजरं येतात, कायटोसॅन काढायला प्रक्रिया लागते.

दशपर्णी अर्काचं, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काचं, खूप जण विचारतात. किडींसाठी जरूर वापरा, उडद्या, फुलकिडे, पिठ्या ढेकूण, त्यासाठीच तो आहे. डाऊनीसाठी त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नका. गोमूत्राचंही तसंच, शिवाय त्यात क्षार असतात, कुंडीत वारंवार नको. हळदपूड, दालचिनी पानांवर भुरभुरवणं, व्हिनेगर फवारणं, हे व्हिडिओत छान दिसतं, व्हिनेगरने कोवळी पानं सरळ जळतात.

वेल अजून लावायची असेल तर

जात बघून लावा, निम्मा त्रास वाचेल. थॉमसन, सोनाका, शरद सगळ्या खायला सुरेख पण मुंबईच्या पावसात रोगाला फार लवकर बळी पडतात. बंगळूर ब्ल्यू, ती काळी, बियांची, साल सुटणारी, वासाची, ती अमेरिकन जातीच्या रक्ताची आहे आणि करप्याला बरीच दाद देत नाही, डाऊनीला मात्र बळी पडते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ नावाची जात आहे, अमेरिकन कटॉबा आणि ब्युटी सीडलेसच्या संकरातली, बुरशीजन्य रोगांना प्रतिकार करणारी, तिचं रोप मिळालं तर मी म्हणेन तेच लावा. आणि जागा निवडताना सकाळचं ऊन असलेली पूर्वेची बाजू, जिथे वारा खेळता आहे अशी.

घड पिकायला आल्यावर

मण्यात पाणी भरलं, साखर यायला लागली, की भुरीचा नव्याने मण्यांवर येण्याचा धोका बराच कमी होतो, खरं तर मणी धरल्यानंतर तीन-चार आठवड्यांतच मणी तिला दाद देईनासे होतात. पानांवर दिसली तर बायकार्बोनेटचा हलका हात चालेल. गंधक आणि बोर्डो तोडणीच्या महिनाभर आधीच थांबवा, गंधकाचा वास घडाला राहतो. साधारण फळछाटणीपासून चार महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटाला किंवा मार्चमध्ये घड तयार होतात, जाळीच्या पिशव्या बांधा नाहीतर बुलबुल आणि खारी आधी खातील, कागदाच्या बंद पिशव्या मुंबईच्या दमट हवेत नको, आत घाम धरून मणी सडतात. एखादा मणी फुटलेला, सडलेला दिसला तर तो एकटा कात्रीच्या टोकाने काढा, रस शेजारच्या मण्यांवर लागू देऊ नका. तोडणी सकाळी दव सुकल्यावर. खायच्या आधी घड पाण्यात पाच मिनिटं ठेवून दोनदा धुवा, चुन्याचे पांढरे ठिपके राहिले असतील तर पाण्यात लिंबू पिळा, निघून जातात.